संबंध चांगले आहेत

आमचे हे दाराच्या चौकटीला धडकायला लागले तेव्हा मला राग आला. काळजी नंतर आली. आधी डावा खांदा स्वयंपाकघराच्या चौकटीला, मग उजवं कोपर न्हाणीच्या दाराला, मग एकदा चहाच्या कपासकट फ्रिजला. "अहो, एवढी वर्षं झाली या घरात राहून. दार काय काल बसवलंय का?" मी म्हणायचे. हे खांदा चोळत म्हणायचे, "ध्यानात न्हाई आलं." ध्यान कुठं असतं ते माहीत आहे मला, असं मी मनात म्हणायचे आणि भाकरी जरा जोरात थापायचे.

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते, सर्वनामाचे प्रकार फळ्यावर लिहून पाठ करून घेते, आणि घरी एका सर्वनामावर आख्खा संसार रेटते. तेव्हा इथंही ते 'हे'च राहतील. ह्यांचं सोलापुरात शेतीच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. घराणं मूळचं वळसंगचं, घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतं; सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, माया करतात कानडीत आणि रागावतात मराठीत, कदाचित ते मला नीट कळावं म्हणून. उजनीच्या पाण्याकाठच्या गावांतून मोटार जळली की माणसं थेट ह्यांच्याकडे येतात. गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही, त्याच्या पोराबाळांची चौकशी केल्याशिवाय पाइप मोजायचा नाही, असा हा बोलका माणूस. फक्त घरी आला की मुका.

गेली काही वर्षं हे बाहेरच्या खोलीत झोपत होते. कारण सांगितलं डोक्याचं. कपाळाच्या मागं दाबल्यासारखं होतं, आतल्या खोलीत कोंडतं, असं म्हणून त्यांनी गादी बाहेर नेली ती नेलीच. पण त्याच्याही आधीपासून ह्यांना माझ्याजवळ यायचं नसायचं. एकदोनदा आले, जमलं नाही, पाठ फिरवून झोपले. त्यावर आमच्यात एक अक्षरही झालं नाही. मी हे इतकं स्पष्ट लिहिते आहे कारण त्या न झालेल्या बोलण्यापायी आमचं काय होणार होतं ते पुढं येईलच.

चाळिशीतल्या बाईला अशा वेळी दोनच कारणं सुचतात. आपण आता बघण्यासारख्या उरलो नाही, हे एक. दुसरी कुणीतरी आहे, हे दुसरं. मी दोन्ही कारणं आलटून पालटून वापरली. पहिलं पटलं त्या दिवसांत केस रंगवले, चालायला जाऊ लागले. दुसरं पटलं तेव्हा ह्यांचा फोन तपासला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. फोनमध्ये जळालेल्या मोटारींचे फोटो निघाले आणि नातेवाइकांचे शुभ सकाळ. त्यानं संशय जायला हवा होता. मला मात्र वाटलं, माणूस फारच हुशार दिसतोय, मागमूस ठेवत नाही.

जेवताना मी ह्यांच्या डाव्या हाताला बसते. लग्न झाल्यापासूनची ती जागा. पूर्वी मी नुसता हात वर केला तरी ह्यांना कळायचं, भाजीचं पातेलं पुढं सरकायचं. आता मी हात पुढं करून बसले तरी हे समोर बघून जेवत राहायचे. "चटणी द्या की" असं मोठ्यानं म्हटलं की दचकायचे. आपल्या शेजारी बसलेली बायको दिसू नये, इतकं मन उडालंय, असा मी अर्थ लावला. भाषेची शिक्षिका असल्यामुळे अर्थ लावायची मला वाईट खोड आहे.

तोवर डोकेदुखीवर उपाय चालूच होते. चष्म्याचा नंबर बदलून झाला होता. कुणी सायनस म्हणून वाफ घ्यायला सांगितली, कुणी उन्हात हेल्मेट घालू नका म्हणालं. दाढी मात्र हे आता चार-चार दिवस करत नसत आणि तरी गाल फारसे काळे दिसत नसत. ते मला दिसत होतं. वयानं होत असेल, असं धरून मी सोडून दिलं.

मग एका सकाळी दुकानाच्याच रस्त्यावर उजवीकडून आलेली रिक्षा ह्यांना दिसली नाही. स्कूटर आडवी झाली, गुडघा फुटला, बाकी निभावलं. रिक्षावाला बिचारा शेजारच्या दुकानात सांगत होता, "साब ने देखकेच गाडी डाले बोलो, मैं हॉर्न बी दिया." हे म्हणत होते, रिक्षा नव्हतीच तिथं, एकदम आली. आजवर हा माणूस माझ्याशी कितीही कमी बोलला असेल, खोटं कधी बोलला नव्हता. मी त्याच दिवशी त्यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली. हे खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचत गेले आणि माझ्याकडे 'बघ' अशा नजरेनं पाहिलं. मग त्यांना एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. एका जागी बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठंही ठिपका चमकला की बटण दाबायचं, एवढाच तो खेळ. मी बाहेर बसून बटणाचा आवाज ऐकत होते. आवाज फार कमी येत होता. कागद बाहेर आला त्यावर दोन डोळ्यांची दोन वर्तुळं होती, आणि दोन्ही वर्तुळांचा बाहेरचा अर्धा भाग काळा.

"समोरचं उत्तम दिसतं. बाजूचं दोन्हीकडे गेलंय," डॉक्टर म्हणाले. "डोळे चांगले आहेत. डोळ्यांच्या मागं कुणीतरी नसा दाबतंय."

मला एकदम ताट आठवलं. मी डावीकडे बसते. ह्यांना मी दिसतच नव्हते. मला हसू यावं की रडू, ते कळेना, आणि डॉक्टरांसमोर मी दोन्ही केलं नाही.

एमआरआयच्या खोलीतून हे बाहेर आले ते कान चोळत. "आत कुणीतरी बोअर मारतंय असं वाटतंय," म्हणाले. फोटो बघणारे डॉक्टर वयानं मोठे, बोलायला सावकाश. आम्हाला आत बोलावून पडद्यावर त्यांनी दाखवलं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या बरोबर मागं, हाडाच्या एका खळग्यात हरभऱ्याएवढी ग्रंथी असते. पीयूषिका. शरीरातल्या बाकीच्या ग्रंथींना ती कामाला लावते. ह्यांच्या डोक्यात तिथं हरभऱ्याच्या जागी लिंबाहून मोठी गाठ होती. वर जाऊन तिनं डोळ्यांच्या नसा उचलल्या होत्या, खाली कवटीच्या तळाचं हाड पोखरलं होतं, आणि एका बाजूला मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढा घातला होता.

"आता खरा प्रश्न असा आहे," ते म्हणाले, "की ही गाठ ग्रंथीतून निघून हाडात शिरलीय, की हाडातून निघून ग्रंथीपर्यंत आलीय. ग्रंथीतली असली तर बहुतेक कर्करोग नसतो. हाडातली असली तर गोष्ट वेगळी. गाठ इतकी पसरलीय की नुसत्या फोटोवरून मला ते ठामपणे सांगता येत नाही."

एखाद्यानं आपल्याला माहीत नाही असं इतक्या सरळपणे सांगितलं की भरवसा वाटतो. पण तेवढ्या भरवशावर रात्रीची झोप येत नाही.

मेंदूच्या सर्जननी वेळ घालवला नाही. नाकातून आत जायचं, तुकडा काढून तपासायचा, काढता येईल तेवढी गाठ काढायची, रक्तवाहिनीभोवतीची तशीच ठेवायची, तिला नंतर किरणं द्यायची. नजर वाचेल की जाईल, याची खात्री नाही. रक्तस्राव झाला तर जीवावर बेतेल, हेही त्यांनी सांगितलं. ग्रंथीसाठी रक्त तपासलं होतं, त्यात प्रोलॅक्टिन नावाचं एक संप्रेरक थोडं वाढलेलं निघालं. ते बाळंतिणीला दूध आणणारं संप्रेरक. सर्जन म्हणाले, गाठीनं ग्रंथीचा देठ दाबला की ते एवढं वाढतंच, त्यात विशेष काही नाही. गाठच जर ते बनवत असती तर आकडा हजारांत गेला असता. ऑपरेशनचा वार ठरला. त्याआधी हार्मोनच्या डॉक्टरांची संमती घ्यायची, म्हणजे एक सही, असं आम्हाला वाटलं.

त्या दिवशी वळसंगहून दीर आले होते. ह्यांचे धाकटे भाऊ, शेती करतात, डेअरीला दूध घालतात, आणि घरात कुणी आजारी पडलं की पहिल्या गाडीनं हजर होतात. हार्मोनच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, सोलापुरात नव्या, बोलणं पुण्याकडचं. खोलीत आम्ही तिघं बसलो. त्यांनी झोप, भूक, थकवा, वजन, थंडी सगळं विचारलं. मग कागदावरची मान वर न करता, आवाज जरासा खाली आणून म्हणाल्या,

"आणि संबंध कसे आहेत?"

"संबंध चांगले हायत की," हे लगेच म्हणाले. "सगळ्यांशी."

"म्हणजे अडचण काही नाही ना?"

"न्हाई, न्हाई. काय अडचन न्हाई."

दिरांनीही मान हलवून दुजोरा दिला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर खूण केली आणि त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

बाहेर बाकावर बसल्यावर दीर ह्यांच्या कानाशी लागले. "बांदावरनं आपलं वाजलं हुतं ते सांगितलं न्हाईस, ते बरं केलंस. दवाखान्यात कशाला घरचं काढायचं?" मला हसू आलं, इतकं की पदर तोंडाला लावावा लागला. षष्ठी विभक्तीचा अर्थ संबंध, हे मी दर वर्षी शिकवते. शेजाऱ्याची गाय, मावशीचा मुलगा, चा-ची-चे. आमच्या बाजूला संबंध म्हणजे येणंजाणं, सोयरीक, सणाला ताट पाठवणं. पुण्याच्या बाईंनी सभ्य शब्द काढला आणि वळसंगच्या माणसानं त्याला सभ्य उत्तर दिलं. सगळं व्याकरणशुद्ध झालं होतं.

मग हसू थांबलं. ती खूण कागदावर राहिली होती. त्या खुणेवर सही होणार, सहीवर ऑपरेशन. एवढ्या शिकल्यासवरल्या बाईंनी तो प्रश्न उगाच विचारला नसणार. आणि खरं उत्तर जगात दोनच माणसांना माहीत होतं, त्यातलं एक माझ्या शेजारी मान खाली घालून बसलं होतं.

बोलू की नको, असं किती वेळ चाललं होतं ते आठवत नाही. भाऊ शेजारी बसलेला. सांगितलं तर ह्यांची अब्रू जाते असं ह्यांना वाटणार. माझीही जातेच की. नवऱ्यानं टाकलेली बाई ही काय मिरवायची गोष्ट आहे? पण सर्जनच्या तोंडून मी 'जीवावर बेतेल' ऐकलं होतं. आतला रुग्ण बाहेर आला तसं मी उठले. "पर्स राहिली वाटतं आत," म्हणाले. पर्स खांद्यालाच होती.

"डॉक्टर, त्यांनी तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही," मी म्हणाले.

त्या बघत राहिल्या. आणि मला पुढचा शब्द सापडेना. मुलींकडून समानार्थी शब्दांचे ढीग पाठ करून घेणारी मी, त्या गोष्टीसाठी माझ्याकडे तोंडातून काढण्यासारखा एकही शब्द नव्हता. पुस्तकातले होते ते वकिलासारखे वाटले, शिव्यांतले होते ते शिव्यांसारखे. शेवटी म्हणाले, "आम्ही वेगळ्या खोल्यांत झोपतो. बरीच वर्षं. भांडण नाही. त्यांना जमत नव्हतं, आणि मग नकोच झालं." एवढं बोलून झाल्यावर बाकीचं आपसूक आलं. दाढी कमी झालेली, काखेतले केस विरळ झालेले, अंग बाईमाणसासारखं मऊ पडलेलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून? नजर, डोकेदुखी या सगळ्याच्या आधीपासून?"

"डोकेदुखीच्याही आधीपासून."

"तुम्ही बसा," त्या म्हणाल्या, आणि लॅबला फोन लावला. ह्यांच्या रक्ताचा जो नमुना ठेवलेला आहे तो शंभरपट पातळ करून पुन्हा लावा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मग मला समजावलं. काही गाठी हे संप्रेरक इतकं अफाट बनवतात की तपासणीचं यंत्र गोंधळतं आणि उलट कमी आकडा दाखवतं. मला ते लगेच पटलं. सगळा वर्ग एकदम ओरडला की एकाही मुलीचं उत्तर मला ऐकू येत नाही. "पण आकडा थोडाच वाढलेला असला की आम्हालाही शंका येत नाही," त्या म्हणाल्या. "फोटो एवढा वाईट असूनही मला यायला हवी होती. त्यांनी सगळं ठीक आहे म्हटलं, मी पुढं गेले."

मग ह्यांना एकट्याला आत बोलावलं. दिरांना मी चहा आणायला पिटाळलं. बाहेर आले तेव्हा ह्यांचे कान लाल होते. रिक्षात माझ्याकडे न बघता म्हणाले, "चारचौघांत काढलंस."

"चारचौघांत नाही. डॉक्टरांसमोर."

"त्या बी बाईमानूसच हायत."

त्यानंतर आमच्यातलं होतं नव्हतं तेवढं बोलणंही बंद झालं. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. एवढी वर्षं गप्प बसले तेव्हा कुणी काही म्हणालं नाही, एकदा तोंड उघडलं तर गुन्हेगार मी.

घरी दुसराच गोंधळ. दिरांनी अव्वांना सांगितलं होतं की रक्तात पाणी घालून तपासायचं ठरलंय. डेअरीला दूध घालणाऱ्या माणसाला याहून मोठा घोटाळा सुचूच शकत नाही. "वैनी, लई शिकलेली हायसा तुमी, तुमीच सांगा. पानी घातल्यावर फॅट खाली येनार का वर जानार? त्यो रिपोर्ट खरा कसा धरायचा?" अव्वा आतून "ब्याड, ब्याड" म्हणत आल्या, म्हणजे नको, नको, त्यांच्या मते लेकाला अशा भेसळीच्या दवाखान्यातून उचलून सरळ पुण्याला न्यायला हवं होतं. दोघांनाही एकच भीती, ठरलेलं ऑपरेशन पुढं ढकललं आणि तेवढ्यात नजर गेली तर? ती भीती मला नव्हती असं नाही. मी सांगून बसले होते. आता उलटं काही झालं तर ते माझ्या नावावर जाणार होतं. मी दिरांना समजावायचा प्रयत्न केला, वर्गाचा दाखला दिला, तो त्यांच्या डोक्यावरून गेला. हे बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "येऊ दे रिपोर्ट."

रिपोर्ट आला. आकडा पाच आकडी होता. डॉक्टरीणबाईंनी फोन करून तो सांगितला तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. आता शंका उरली नव्हती: गाठ ग्रंथीचीच, तिथूनच ती हाडात शिरलेली, आणि तिला गोळी लागू पडते. नाकातून जायला नको, तुकडा काढायला नको. आठवड्यातून दोनदा घ्यायची एवढीशी गोळी. "आणि एक लक्षात ठेवा. गाठ आक्रसली की पोखरलेल्या हाडातून कधी कधी मेंदूभोवतीचं पाणी झिरपतं. नाकातून साधं पाण्यासारखं पाणी आलं, तर तडक या." मी स्वयंपाकघरात उभी होते. फोन ठेवला आणि कणकेच्या हातांनीच रडले. अव्वांना वाटलं वाईट बातमी आली, त्याही रडायला लागल्या, आणि त्यांना चांगली बातमी कळवायला मला बराच वेळ लागला.

सर्जननी ऑपरेशनचा वार रद्द केला. "मला या ऑपरेशनची धास्तीच होती," ते हसून म्हणाले. मोठ्या माणसांनी असं बोललेलं मला फार आवडतं.

नजर आधी सुधारली. काही आठवड्यांतच हे चौकटीतून सरळ जायला लागले. आम्ही नाकावर मात्र इतकं लक्ष ठेवलं की साधी सर्दी झाली तरी अव्वा रुमाल मागून तपासायच्या. काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढला. गाठ निम्म्याहून कमी झाली होती आणि जिथून ती मागं सरकली तिथं हाडात पोकळी दिसत होती. ते सावकाश बोलणारे डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "एवढं हाड खायला गाठीला वर्षानुवर्षं लागली असणार." तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. आमची मुलगी आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. ती शाळेत होती तेव्हाच ही गाठ घरात आलेली. मी इतकी वर्षं जिचा राग केला ती कुणी बाई नव्हतीच. तो राग आता कुठं ठेवायचा, ते मला उमगत नव्हतं. हेही आता रोजचं बोलायचे, दवाखान्याचं बोलायचे, पण त्या रिक्षातल्या बोलण्याच्या पलीकडं आम्ही दोघंही गेलो नव्हतो.

एका रविवारी दुपारी मी शेंगदाणे भाजून सोलत बसले होते. चटणी कुटायची होती. हे येऊन शेजारी बसले आणि न सांगता सोलायला लागले. सालं फुंकताना माझ्या अंगावर उडाली, "अहो, तिकडं फुंका," म्हटलं. तर म्हणाले,

"डाक्टरीनबाईंनी इचारलं हुतं ते मला कळलं हुतं."

"काय?"

"संबंध. मला कळलं हुतं की. मी काय एवढा अडानी न्हाई. भाऊ बसलेला शेजारी. काय सांगायचं? तेवढा शब्द घावला, त्याच्या आड लपलो." मग दाणे सोलत, वर न बघता, "तुला काय वाटलं हुतं? मंजी एवढी वर्सं?"

मी खरं सांगायचं ठरवलं. "दुसरी कुणीतरी असेल, असं वाटलं होतं."

"माझी?"

"मग काय माझी? खरेदीला बार्शीला जायचात ना सारखे. बार्शीची असेल असं ठरवलं होतं मी."

हे हसायला लागले. इतके हसले की दाण्यांचं ताट मांडीवरून सरकलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी घाबरून ते डोळ्यांतलंच आहे ना, नाकातलं नाही ना, ते वाकून बघितलं. मीही हसत होते. "बार्शीची," ते पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा हसले. मग हळूहळू थांबले. हातातला दाणा सोलायचा विसरले.

"मला वाटत हुतं, तुला माजी किळस आली आसंल," म्हणाले. "म्हून मी भायेर निजलो."

मी सरकलेलं ताट जवळ ओढलं.

"आनि तुला दुसरी हाय असं वाटत हुतं," त्यांनी माझ्याकडे पूर्ण वळून विचारलं, "तरी रोज डबा भरून देत हुतीस?"

"देत होते," मी म्हणाले. "चिडून देत होते. पण तिलाही पुरेल एवढा देत होते."